वाघ भिंतीवर चढवताना

दिवाणखान्यात वाघ असणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. फरक इतकाच की पूर्वी तो खराखुरा असे. संस्थानिकांच्या वाड्यांत म्हैसूरच्या व्हॅन इंगन कंपनीने घडवून दिलेली मुंडकी जबडा वासून पाहुण्यांचं स्वागत करत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ही सोय गेली. तेव्हापासून प्रतिष्ठित माणसाला वाघाचा फोटो आणि सागवानी फ्रेम यांवर भागवावं लागतं. होतकरूंसाठी त्याची रीतसर कृती देत आहे.

प्रथम प्राणी ठरवावा. वाघच ठरवावा. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे आणि भीमाशंकरला मान वर केली की तो दिसू शकतो, पण ‘आम्ही शेकरू पाहिला’ म्हणणाऱ्याला दुसरा चहा कोणी विचारत नाही. २०२२च्या गणनेनुसार राज्यात ४४४ वाघ आहेत. आपल्या सोसायटीतल्या फ्रेमा मोजल्या तर आकडा याहून जास्त भरेल. त्याचा अर्थ एकेक वाघ अनेक घरांत राहतो. संकोच करू नये.

मग चंद्रपूरची गाडी धरावी. महिना मे. वाघ पाणवठ्यावर येतो, कारण त्यालाही उकडतं. ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे मंगळवारी कळू देऊ नये. गाभा क्षेत्रात मोबाइल न्यायची परवानगी नाही, म्हणून कॅमेरा घ्यावाच लागतो. सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्याने मिळते. ती जिप्सीच्या दांडीवर टेकवायला कापडी पिशवीत तांदूळ किंवा मूग भरून न्यावेत. मूग नेल्यास परतल्यावर उसळ करता येते.

पुढचं काम गाइडचं. चितळ ओरडतं, तो म्हणतो, “कॉल आहे,” ड्रायव्हर गाडी वळवतो आणि ऊन पाठीवर येईल अशी नेमकी उभी करतो. झुडपातून कोण कुठे बाहेर येणार हेही गाइडच सांगतो. आपण बटण दाबायचं. एका सेकंदाचा हजारावा भाग, की झालं. यात आपलं कर्तृत्व कोणतं, असा विचार मनात आल्यास एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचं स्मरण करावं. १९२०च्या दशकात या वनाधिकाऱ्याने जंगलवाटेवर तार बांधून ठेवली. रात्री वाघ यायचा, त्याचा पाय तारेला लागायचा आणि कॅमेरा चालायचा. म्हणजे आपला फोटो वाघाने स्वतःच काढला. तरी श्रेय चॅम्पियनसाहेबांनाच मिळालं आणि ते योग्यच होतं. आपण मागे राहण्याचं कारण नाही.

फोटोत पुढच्या जिप्सीतली टोपी आली असेल तर ती कापावी. टोपीबरोबर शेपूट गेली तर जाऊ द्यावी.

आता फ्रेम. इथे घाई करणाऱ्यांचं वाटोळं होतं. बाजारात फोमच्या पट्टीवर लाकडाच्या रेघा छापलेली तयार फ्रेम मिळते. तिच्यात फार तर बायकोच्या मावसभावाचं लग्न लावावं, वाघ नव्हे. वाघाला सागवानच लागतं आणि तेही चंद्रपूर-गडचिरोलीकडचं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये सागवान याच भागातून गेलं, हे पाहुण्यांना सांगता येतं. वाघ जिथला तिथलंच लाकूड, हेही सांगावं. मात्र झाड कापलं म्हणजे वाघाचं थोडं घरही कापलं, हे आपणहून सांगायची गरज नाही.

त्यानंतर जुन्या पेठेतला एखादा मिस्त्री गाठावा आणि त्याच्यासमोर तोंड बंद ठेवावं. तो फोटोकडे बघून म्हणेल, “साहेब, हा डावीकडे चाललाय आणि तुम्ही डावीकडे जागाच नाही ठेवली. भिंतीत घुसणार हा.” हे ऐकून न ऐकल्यासारखं करावं. मग तो चारही बाजू एकाच लांब पट्टीतून काढतो, त्यामुळे लाकडाच्या रेषा कोपऱ्यावर वळूनही तुटत नाहीत. पंचेचाळीस अंशांचे काप घेतो, गुण्या लावून बघतो, फेविकॉल लावून चौकट सुतळीने आवळतो. आणि मग दोन्ही कर्ण मोजतो. केसाइतका फरक निघाला तरी सुतळी सोडून पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यांत बारीक पाचरी, आतल्या अंगाला काचेसाठी खाच, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. पावसाळ्यात हे पॉलिश पांढरं पडतं, म्हणून जुलैत घेऊन गेलात तर तो काम घेणारच नाही. ‘जरा लवकर’ म्हणून बघावं. दिवाळीनंतरची तारीख मिळते.

काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट घालायला तो सांगेल. ऐकावं. तसाच लावला तर मुंबई-कोकणच्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो आणि वाघाला कोड फुटल्यासारखं दिसतं. भिंत निवडताना थेट ऊन टाळावं, नाहीतर चार-पाच वर्षांत पट्टेरी वाघाची भाकड गाय होते.

फ्रेम लागली की खरं संकट सुरू होतं. पाहुणे येतात, चष्मा सावरतात, जवळ जातात आणि कोपऱ्यावरून बोट फिरवून विचारतात, “वा! कोणी केली हो?” असं बोट पुढे जाताना दिसलं की मध्ये पडावं. “आमच्या जिप्सीपासून तीस फुटांवर होता बरं का,” असं म्हणून बोलणं जंगलात न्यावं. दर दिवाळीला हे अंतर थोडं कमी करावं. भिंतीवर दिवा बसवावा तो असा की उजेड थेट वाघाच्या डोळ्यांवर पडेल आणि चौकट अंधारात राहील. फ्रेमखाली पितळी पट्टी ठोकून तीवर आपलं नाव, ठिकाण आणि साल कोरून घ्यावं. पट्टीही मिस्त्रीच ठोकून देतो. स्वतःचं नाव कुठे घालू का, असं तो विचारत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

एवढं करूनही एखादा हट्टी पाहुणा मिस्त्रीचा नंबर मागतोच. तो द्यावा, नाही म्हणणं बरं दिसत नाही. मात्र त्याची भिंत किती बाय किती आहे, ते आधी विचारून घ्यावं.