समभाग पाणी घालून

आमच्या पूर्णेत बाटल्या विकणारी दुकानं दोन तऱ्हेची. एकाला लोखंडी जाळी, दुसऱ्याला काचेचं कपाट. जाळीत हात घालतो तो बाप्या. कपाटापुढं उभी राहते ती बाई. दोन्हींच्या मधे रस्ता आणि हजार वर्षांचा संस्कार.

परवा मेडिकलवर माझ्यापुढं एक मावशी होत्या. सून बाळंतीण, म्हणून दशमूलारिष्ट हवं होतं.

"कडू लागतंय का हो?"

"नाही मावशी, गोडच असतंय. गूळ असतोय की त्यात. चार चमचे, तितकंच पाणी घालून. जेवणानंतर."

मला हसू आवरेना. समोरच्या जाळीतल्या मालाचा पाण्याशी हाच हिशोब असतो. जेवणाआधी की नंतर, एवढाच काय तो फरक. कपाटातल्या बाटल्या वाचून बघा. बारीक अक्षरात छापलेलं असतं, स्वनिर्मित अल्कोहोल, 5 ते 10 टक्के. बिअर याच पंगतीत बसते. चमच्याचं माप आणि ग्लासाचं माप वेगळं, हे कबूल; मावशींची सून काही झिंगणार नाही. पण गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलेलं अशोकारिष्ट खास बायकांचं, आणि बायकांच्या हातात ग्लास दिसला तर बोंब पूर्णेपासून अकोल्यापर्यंत.

द्राक्षासवाचं तर नावच बोलकं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा संजय राऊत म्हणाले होते, वाइन म्हणजे दारू नव्हे. राज्यभर गदारोळ. आमच्या आज्या मात्र द्राक्षासव न बोलता कपाटात ठेवून होत्या.

आता बाप्यांची गंमत. मित्रांच्या बैठकीत कुणी ब्रीझर मागवली, की "वहिनींसाठी का रे?" रंगीत, गोड, फळाच्या चवीची म्हणून ती बायकी. आणि मर्दानी काय? देशी. तिच्यावर छापलेलं काय? संत्रा! उसाच्या मळीची दारू संत्र्याच्या वासानं पिणारा गडी दुसऱ्याच्या संत्र्याला हसतो. कायदा यापेक्षा शहाणा म्हणायचा. बिअरला 21 वर्षं विचारतो, कडक मालाला 25. मिशी विचारत नाही.

बाईनं बाटली हातात घ्यायची नाही, बाटलीवर मात्र नाव होऊन बसायचं. नोव्हेंबर 2017 मध्ये शहाद्याला सातपुडा साखर कारखान्याच्या कार्यक्रमात मंत्री गिरीश महाजनांनी सल्ला दिला की, दारूचं नाव 'महाराजा' कशाला, 'महाराणी' ठेवा, खप वाढेल. भिंगरी, ज्युली, बॉबी ही उदाहरणंही त्यांनीच पुरवली. तेव्हा जलसंपदा आणि वैद्यकीय शिक्षण अशी दोन्ही खाती त्यांच्याकडं. पाणीही त्यांचं, औषधही त्यांचं! बायका रस्त्यावर उतरल्या, मग दिलगिरी आली. सुचवलेलं नाव कुणाचं, पिणाऱ्याचं की मार खाणारीचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

तसं दारूबद्दल बाईचं मत आपण घेतो. दुकान बंद करायचं मतदान असतं, उभी बाटली की आडवी बाटली. गावोगावच्या बायकांनी आडवी केली ती हौसेनं नाही, घरी रोज उभं-आडवं होणारं कोण ते बघून. पण तिला काय आवडतं, हा रकाना त्या मतपत्रिकेवर नाही, आणि घरात तर नाहीच.

असो. मावशी बाहेर पडल्या. समोरून त्यांचा मुलगा आला, बाप झाल्याच्या आनंदात. चपटी कमरेला खोचलेली, वर शर्ट सोडलेला. मावशींनी आपली बाटली कागदासकट पिशवीत तळाला घातली, वर मेथीची जुडी ठेवली. दोघंही एकाच गाडीवर बसले.

"पाण्याची बाटली घेतलीस का?" मावशींनी विचारलं.

"घेतली की," तो म्हणाला. "एक पुरतेय."