चेटकिणीची टोपी

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी दोन्ही लेकरं घेऊन नागपूरहून एटापल्लीला आली. 31 ऑक्टोबरला घरीच हॅलोविन करायचं, हे ती ठरवूनच आली होती. पिशवीतून मुखवटे निघाले, चॉकलेटं निघाली आणि सात वर्षांच्या नातीसाठी काळी टोकदार टोपी अन् झाडू. ती चेटकीण होणार होती.

टोपी मी काढून घेतली. मुलगी रागावली. "बाबा, खेळ आहे तो लेकरांचा!"

खेळाला माझी ना नाही. सजून दारोदार जायचं अन् खाऊ मागायचा, हे विदर्भातल्या लेकरांना कोणी शिकवायला नको. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन ती बोजारा मागतातच. भोपळा कोरायचंही तेच. आयर्लंडचे लोक आधी शलगम कोरायचे. अमेरिकेत भोपळा मिळाला, तो घेतला. आम्ही परसातलं कोहळं घेऊ.

पण चेटकीण नको. एटापल्लीत तर नकोच नको.

याच तालुक्यातल्या बारसेवाड्यात मे 2024 मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष, दोघांना गावकऱ्यांनीच जाळून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात 2013 पासून आहे. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिली. त्या टोपीचं खेळणं व्हायला तिथं मध्ये शतकं गेली. आमच्याकडे राख अजून निवलेली नाही.

हे सगळं मी मुलीला स्वयंपाकघरात, लेकरांच्या माघारी सांगितलं. इथं लेकरू तापानं फणफणतं, दवाखाना लांब, पावसाळ्यात नाला भरलेला. मग आधी पुजारी गाठतात. लेकरू हातचं गेलं की करणी कोणी केली याचा शोध सुरू होतो. डासाचं नाव कोणी घेत नाही, एखाद्या बाईचं घेतात. रोगराईला गावाबाहेर घालवणारी आमची मारबत मला प्रिय आहे, पण तिलाही रूप बाईचंच दिलंय, हे मला खुपतं.

नात दाराशी उभी होती. "आबा, टोपी का घेतली?"

"चेटकीण नसतेच, बाळा. पण काही लोक चांगल्या बाईला चेटकीण म्हणतात अन् तिला फार त्रास देतात."

ती विचारात पडली. धाकट्यानं मात्र लगेच तोडगा काढला. "मग मी डास होतो!"

त्याला पुठ्ठ्याची सोंड अन् जुन्या ओढणीचे पंख लावले. नात मच्छरदाणी पांघरून त्याच्या मागं लागली. कोहळ्यात दिवा ठेवला, बिया तव्यावर भाजल्या. शेजारची पाचसहा पोरं आवाज ऐकून आली आणि कोणी न सांगता पोळ्याच्या सवयीनं बोजारा मागू लागली. मग सगळी मिळून डासाला अंगणातून फाटकापर्यंत हाकलत गेली, "हिवताप घेऊन जा रे, हिवताप घेऊन जा!"

फाटकाबाहेर अंधार होता. डास तिथूनच रडत परत आला, आईच्या कडेवर बसला आणि दुसरी पाळी ताईची म्हणाला.