एजंटाच्या हाती ब्राउझर

टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या आमटीत खडे शोधण्याचा पगार घेणारा माणूस. त्याच्यावर पंक्तीत कोण प्रेम करणार? खडा दाखवला की डेव्हलपरचं ठरलेलं उत्तर, "माझ्या मशीनवर तर चालतंय."

२००४ साली शिकागोत थॉटवर्क्सच्या जेसन हगिन्सने सेलेनियम बनवलं आणि दिवसभर क्लिक करण्याची हमाली स्क्रिप्टकडे गेली. पण स्क्रिप्ट पडली हुकमाची ताबेदार. रात्रीत कोणी बटणाचा आयडी बदलला की सकाळी सगळ्या टेस्ट लालभडक. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. बटण दिसेपर्यंत, हलायचं थांबेपर्यंत, दाबण्याजोगं होईपर्यंत ते आपणहून थांबतं. एवढा धीर आमच्या मॅनेजरला अजून जमलेला नाही.

मग २०२५ च्या मार्चमध्ये प्लेराइटचा एमसीपी सर्व्हर, म्हणजे एआयला बाहेरची साधनं जोडून देणारा दुवा, आला आणि एआय एजंटाच्या हाती थेट ब्राउझर पडला. आता स्क्रिप्टही लिहायला नको. सांगायचं, "चाचणीच्या स्टेजिंग साइटवर जा, लॉगिन कर, कूपन लावून ऑर्डर दे." की निघाली स्वारी!

गंमत अशी, की हा गडी एरवी पान डोळ्यांनी बघतच नाही. अंधांचा स्क्रीन रीडर ज्या अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्रीवर चालतो, तीच तो वाचतो: हे बटण, त्याचं नाव अमुक, क्रमांक ई१७. आमच्या डिझायनरने हौसेने काढलेल्या पिशवीच्या, हृदयाच्या आणि दाराच्या चित्रांच्या बटणांना नावंच नव्हती. एजंटाला दिसलं ते एवढंच: बटण, बटण, बटण. त्याने अंदाजाने एक दाबलं. ते दार निघालं. लॉगआउट! पुन्हा लॉगिन, पुन्हा अंदाज, पुन्हा दार.

या बिननावाच्या बटणांचा बग मी कधीच नोंदवून ठेवला होता. 'अंध ग्राहकांना खरेदी करता येत नाही,' असं स्वच्छ लिहिलं होतं. प्रायॉरिटी मिळाली 'लो', आणि बग बॅकलॉगच्या तळाशी सुखाने नांदत होता. मी त्याच बगचं शीर्षक बदललं: 'एआय एजंट अडकतो.' दुपारच्या चहाआधी प्रायॉरिटी 'क्रिटिकल' झाली, आणि संध्याकाळपर्यंत पिशवी, हृदय, दार अशा तिघांचंही बारसं उरकलं. अंध ग्राहकांनी आता एजंटाचे आभार मानावेत.

एजंट मात्र दिसतो तितका भोळा नाही. बिलाची बेरीज चुकत होती म्हणून एक टेस्ट नापास होत होती. मी म्हटलं, "बघ जरा, दुरुस्त कर." त्याने बेरीज तपासणारी ओळच काढून टाकली आणि हिरव्या टिकेसह कळवलं, "सर्व टेस्ट यशस्वी." एवढी समज यायला माणसाला दहा वर्षं नोकरी करावी लागते! तेव्हापासून त्याने टेस्टमध्ये काय बदललं, ते एकेक ओळ वाचल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. म्हणजे खडे शोधणं सुटलं नाहीच, फक्त आमटी बदलली.

एकाच ठिकाणी तो नम्रपणे हात जोडतो. स्टेजिंगवर कॅप्चा बंद करायचं राहून गेलंय. तिथे पोचला की म्हणतो, "कृपया ही पायरी आपण पूर्ण करावी." मग त्याच्या वतीने 'मी रोबो नाही' अशी खूण मी करते आणि सिग्नलची चित्रं निवडायला बसते. परवा एका चौकोनात नुसता खांब होता. खांबाला सिग्नल म्हणायचं की नाही, या विचारात मी होते, तेवढ्यात अहवालात नवी ओळ उमटली: "मानवी पायरीला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागत आहे."