‘तपासले, सर्व ठीक’खालच्या सहीस अनावृत पत्र

प्रति,
मा. सही,
मु. तपासणी कार्ड, प्रथमोपचार पेटी,
मशिन शॉप, टाइम ऑफिसलगतची भिंत.

विषय: आपल्या अखंड सेवेबद्दल अभिनंदन आणि जाता जाता थोडी चौकशी.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यास आनंद होतो की, पक्क्या हजेरीत आमच्या शॉपमध्ये आपला हात कुणी धरू शकत नाही. माणसं रजा टाकतात, जत्रेला गावी जातात, लग्नसराईत तर अर्धी लाइन रिकामी पडते. आपण मात्र पेटीच्या झाकणावरच्या कार्डात दर महिन्याच्या रकान्यात हजर. शाई तीच, तिरकेपणा तोच, शेराही तोच: ‘तपासले, सर्व ठीक’. जानेवारी ते डिसेंबर हात तसूभर हललेला नाही. बारा महिने एका बैठकीत उरकल्याशिवाय इतकं सातत्य येत नाही, असं आमच्यातले काही कुजकट लोक बोलतात. मी त्यांच्या नादी लागत नाही. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी कार्ड कोरं होतं आणि सकाळी भरलेलं होतं, हा योगायोगही असू शकतो.

आता चौकशी. आपण इतकी वर्षं झाकणावर मुक्काम करून आहात, तर कधी आत डोकावलात का? नसाल, तर थोडी ओळख करून देतो. पेटी पत्र्याची, पांढरी, वर लाल फुली. दसऱ्याला मशिनांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहतात, त्यामुळे फुलीची एक बाजू जरा जास्तच लाल झाली आहे. आत आयोडीनची बाटली आहे, तिच्या तळाशी तपकिरी खपली आहे. बँडेजचे दोन रोल आहेत, पैकी एकावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ग्रीसमधला ठसा इतका स्वच्छ उमटलाय की पोलिसांना उपयोगी पडावा. आणि पॅरासिटामॉलची अर्धी पट्टी आहे. अर्धीच का, हे मजेशीर आहे. मुदतीची तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. डोकं दुखलेला पहिला माणूस नेमकं तेच टोक तोडून नेतो. मागे उरलेल्या गोळ्यांना मग वय नसतं. आपल्याला शेरा लिहायला हे किती सोयीचं!

बाकी सामानात चहाच्या भिशीची वही, कॅरमच्या पावडरचा डबा आणि पिन वाकलेला एक चार्जर. कात्री यादीत आहे, पेटीत नाही. ती स्टोअरमध्ये आलेल्या मालाच्या पट्ट्या कापते. सेफ्टी पिनांची कथा तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, १९७२ पासून हा दिवस पाळतात. आमच्याकडेही दणक्यात होतो. शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, पहिल्या नंबरला स्टीलचा डबा मिळतो, आणि प्रत्येकाच्या छातीवर हिरवा बिल्ला लागतो. बिल्ले लावायला सेफ्टी पिना कुठून आणल्या, हे आपल्याला सांगायला नको. सुरक्षा साजरी करण्यासाठी प्रथमोपचार पेटी रिकामी करणारा दुसरा कारखाना निदान मला तरी माहीत नाही.

आता जे सांगतो ते आपल्या कानावर गेलं नसणार, कारण कार्डात त्यासाठी रकाना नाही. मागे एकदा दुसऱ्या शिफ्टला आयटीआयमधून नुकताच आलेला एक पोरगा कास्टिंगची बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धारदार कूस, काढत होता. हातमोजा विरलेला. बर अंगठ्याखाली घुसली आणि तळहात उघडला. शेजारच्या लेथवरच्या मामांनी हाताला येईल ते घेऊन जखमेवर दाबलं. हाताला आलं कॉटन वेस्ट, ज्यानं ते दुपारपासून कुलंट पुसत होते. माणूस शहाणा, जखम दाबून धरायची एवढं त्यांना बरोबर ठाऊक होतं. फक्त दाबायला स्वच्छ काही नव्हतं. दुसरा एक जण पेटीकडे पळाला, तर पेटीला कुलूप. किल्ली स्टोअरमध्ये, स्टोअर साडेपाचला बंद, आणि स्टोअरकीपर कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून बसलेले. शेवटी स्क्रू ड्रायव्हरनं कडी उचकटली. निर्जंतुक ड्रेसिंगची पाकिटं निघाली, पण कडेनं फाटलेली. फाटलेल्या पाकिटातलं ड्रेसिंग निर्जंतुक राहत नाही, ते नुसतं कापड. तेच बांधलं, दुसरं होतं काय? चिकटपट्टीनं पत्र्याच्या शेडखाली इतके उन्हाळे काढले होते की डिंक कागदालाच राहिला आणि पट्टी हातात सुटी आली. मग इलेक्ट्रिशियनची काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. पोरगा आता ठणठणीत आहे.

महिनाअखेर कार्डात आपण नेहमीप्रमाणे आलात. सर्व ठीक. तेही मोडलेल्या कडीच्या वरच्या अंगाला.

आपल्यावर मी रागावलेलो नाही. आपण सही आहात, आपण दुसरं काय करणार? १९४८ चा कारखाना कायदा करणाऱ्यांना मात्र आपला अंदाज होता की काय, अशी शंका येते. कलम ४५ वाचा. दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी, हे सगळ्यांना पाठ असतं, कारण पेटी विकत मिळते. त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की ठरवून दिलेल्या सामानाखेरीज पेटीत काहीही ठेवायचं नाही. म्हणजे भिशीची वही १९४८ सालीही कुणाच्या तरी पेटीत असणार. आणि त्याहून पुढे: प्रत्येक पेटी एका स्वतंत्र जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी, त्याच्याकडे प्रथमोपचाराचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं आणि कामाच्या वेळात तो कायम हाताशी हवा. कायद्यानं माणूस मागितला, महोदया. आम्ही पेटी दिली, पेटीवर कार्ड दिलं आणि कार्डावर आपल्याला दिलं. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची नवी संहिता आली आहे, तिच्यातही पेटीतलं सामान कामाच्या सगळ्या वेळात सहज मिळेल असं ठेवा, असंच म्हटलंय. कुलपाचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

एका बाबतीत मात्र आपले आभारच मानायला हवेत. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत पेटीच्या सामानाची यादी आहे. तिच्यात सर्पदंशासाठी एक छोटं पातं आहे आणि पोटॅशियम परमँगनेटचे खडेही आहेत. तो काळ चावलेल्या जागी चिरा देण्याचा होता. आज कुठलाही डॉक्टर सांगेल की चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हातपाय हलू न देता माणसाला तडक रुग्णालयात न्या. आमच्या शेडमागे गवत माजतं, त्यात काय काय फिरतं ते वॉचमनला विचारा. अशा ठिकाणी पेटीत ते पातं असतं, तर एखाद्या उत्साही सुपरवायझरनं वापरलंही असतं. ते आणलंच गेलं नाही, हे आपल्या दुर्लक्षाचं पुण्य. गंमत म्हणजे त्याच नियमांत सामान संपलं की लगेच भरपाई करण्याची सोय हवी, असंही आहे. पात्याचं दुर्लक्ष कामी आलं, या ओळीचं आलं नाही.

आपल्याला फार त्रास न देता काही जमण्यासारखं आहे का, ते पाहावं. कुलूप काढावं आणि त्या जागी ओढताच तुटेल असं प्लास्टिकचं पातळ सील लावावं. सील शाबूत, तर पेटी कुणी उघडलेली नाही. तुटलं, तर त्याच दिवशी आत पाहायचं, महिनाअखेरीची वाट बघायची नाही. चोरीची भीती घालतात, ती मला कळते. पण जी बँडेजपट्टी लागल्यावर वापरली जाते तिला चोरी म्हणत नाहीत, आणि नोंदवहीत नाव, तारीख, काय घेतलं एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्या वहीतून आणखी एक गोष्ट कळेल, जी आपल्या बारा सह्यांतून कधीच कळली नसती: दर आठवड्याला बोटं नेमक्या कुठल्या मशिनवर कापली जातात. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवावी आणि मोजताना प्रत्येक वस्तू हातात घ्यावी. सगळ्यात आधी मुदत संपणाऱ्या वस्तूची तारीख बाहेर मोठ्या अक्षरांत लिहावी. डोळ्याचे थेंब एकदा उघडले की महिन्याभरात टाकून द्यायचे असतात, बाटलीवरची तारीख दोन वर्षं पुढची असली तरी. आणि भाजलं की टूथपेस्ट लावणारे आमच्याकडे अजून आहेत. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरायचा, हे यादीच्या खाली लिहिता आलं तर पाहा. नळ पेटीपासून दहा पावलांवर आहे. त्याला कुलूप नाही, त्यावर कार्डही नाही. तो चालतो.

राहिला माणूस. तिन्ही शिफ्टना एकेक प्रशिक्षित माणूस लागेल, कारण बर घड्याळ बघून टोचत नाही. लेथवरच्या त्या मामांना सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या वर्गाला पाठवा, असा अर्ज मी दिला आहे. त्यावर आपलीच सही लागणार आहे, असं ऑफिसात सांगितलं. ती मात्र अजून झालेली नाही. कार्डातल्या पुढच्या महिन्याच्या रकान्यात आपण आत्ताच येऊन बसल्या आहात, म्हणजे वेळ नाही असं म्हणता येणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
दोन नंबर मशिनवरचा ऑपरेटर

प्रत माहितीसाठी: स्टोअर विभाग. (कात्री परत करून पोच घ्यावी. सोबत किल्लीही द्यावी, कडी नवीन बसवली आहे.)