झेंडू हवालदार

सोनईत पहिला पाऊस होऊन चार दिवस झाले होते. पोरांनी ओट्यावरच्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत रोपं लावली आणि डब्यांना खडूनं सिनेमाची नावं द्यायला बसली. पहिला डबा ‘मोगरा-ए-आझम’. दुसरा ‘शेंगाड्या’, त्यात वालाचा वेल. तिसऱ्यावर थोरलीनं लिहिलं ‘झेंडू हवालदार’ आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

ही कोटी नुसती जुळलेली नव्हती, ती खरी होती. दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५चा. झेंडूची हवालदारी बघायची तर टोमॅटोच्या प्लॉटात जावं. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूकडे वळतो, अंडी तिथंच घालतो. जमिनीखाली झेंडूची मुळं सूत्रकृमींना दाबून ठेवतात. आणि हा हवालदार नवखा चालत नाही. टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं असेल, तर झेंडूचं ४०-४५ दिवसांचं लागतं. तेव्हाच टोमॅटो फुलोऱ्यात येताना झेंडू फुलून पहाऱ्यावर उभा असतो. शेतीच्या पुस्तकात याला ‘सापळा पीक’ म्हणतात. पोरं ते परीक्षेपुरतं पाठ करतील. झेंडू हवालदार मात्र जन्मभर लक्षात ठेवतील.

कोटीला माझी कसोटी हीच. सिनेमाचं नावही ऐकू आलं पाहिजे आणि झाडाचा स्वभावही दिसला पाहिजे. ‘भाजीराव मस्तानी’ म्हटलं की हसू येतं, पण भाजी कुठली, मेथी की चुका? नापास. ‘मोगरा-ए-आझम’ काठावर पास.

‘कुदळ काळीत घुसली’ला मात्र पैकीच्या पैकी. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७चं नाटक, २०१५ साली त्याचा सिनेमा झाला. मुळेच्या कालव्याखालची आमची काळी मे महिन्यात दगड होते. भेगेत अख्खा पंजा जातो, पण कुदळ मारली की टणकन उडते, मनगटाला झिणझिण्या येतात. पाऊस होऊन वाफसा आला, की तीच कुदळ मुठीपर्यंत जाते आणि वर येताना मातीचा वास घेऊन येते. हे हातानं केलेल्या माणसालाच अशी कोटी सुचते.

‘एकटा जीव सदाशिव’ १९७२चा. आमच्या शेजारच्या पडक्या भिंतीच्या फटीत सदाफुली उगवलीय. तिला कुणी पाणी घातलं नाही, खत तर दूरच. शेळीही तोंड लावत नाही, कारण पाला कडू नि विषारी. बारा महिने पाच पाकळ्यांची फुलं. याच झाडातून विन्क्रिस्टीन मिळतं आणि ते लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. ‘एकटा जीव सदाफुली’ हे नाव ज्या पोरानं दिलं, त्याला हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. कोटीमुळं त्यानं विचारलं, विचारल्यामुळं मी सांगितलं.

‘माहेरची साडी’नं १९९१ साली गावोगावच्या बायका रडवल्या. ‘माहेरची झाडी’ आमच्या घरात रोजच्या चहात पडते. आईनं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून गवती चहाचं बेट आणलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. त्याच बेटाच्या काड्या पुढं माझ्या दोन्ही बहिणींच्या सासरी गेल्या.

आता जरा रागाचं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा, त्यावरून ‘अशी ही लावालावी’. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप, दहा हात एका रोपाला, फोटो, नारळ, पेढे. पाणी घालायला एकही हात नाही. संक्रांतीपर्यंत काडी उरते आणि पुढच्या आषाढात पुन्हा तोच खड्डा. गावात लावालावी केलेली आपल्याला खपत नाही, मग झाडाच्या बाबतीत का खपावी? रोप लावणाऱ्यानं उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या घालायच्या, जमत नसेल तर फोटोला उभं राहायचं नाही. ज्यानं वाढवलं, फोटो त्याचा.

सिनेमा, विनोद आणि फुलं यांची गाठ मराठीत जुनी आहे. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली विडंबन कवितांचा संग्रह काढला, त्याला नाव दिलं ‘झेंडूची फुले’. गुलाब नाही, पारिजात नाही. दसऱ्याला बैलगाडीच्या चाकालाही बांधतो ते फूल. त्याच अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं आणि लगोलग ‘महात्मा फुले’ काढला. या नावावर कोटी करायची गरजच नाही, त्यात बाग आहेच. जोतीरावांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम आलं आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. सोनईशेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, तेही त्यांच्याच नावाचं. म्हणून आमचा कांदा ‘फुले समर्थ’, कारखान्याला जाणारा ऊस ‘फुले २६५’. शेतकरी बियाणं मागताना दिवसातून दहा वेळा जोतीरावांचं नाव घेतो. रोपाला नाव देण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

म्हणून माझी वाचकांना विनंती. डबा फुटका असो, कुंडी असो, नुसता दुधाची पिशवी कापून केलेला पसारा असो, त्यावर एक नाव लिहा. मराठी लिहा, आणि झाड ओळखून लिहा. आमच्या ओट्यावर कोरफडीचा डबा अजून बिननावाचा आहे. पोरांना आठ दिवस झाले, सुचत नाही. सोनईवरून जाणार असाल तर थांबा, खडू तिथंच ठेवलाय.