कार्पेट मोजलं, दार मोजलं का?

रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठांच्या वसाहतींच्या जाहिराती वाढल्यात. पत्ता बहुतेक वेळा कर्जत, नेरळ, नाहीतर तळेगाव. पुण्यात परांजपेंच्या ‘अथश्री’ने ही वाट कधीच रुळवली, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे. ज्यांना जायचंय आणि परवडतंय त्यांनी खुशाल जावं. मला बोलायचंय ते मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतल्या त्या म्हाताऱ्या माणसांबद्दल, ज्यांना घर सोडून कुठेही जायचं नाही.

आणि का जावं त्यांनी? डॉक्टर नाक्यावर. केमिस्ट फोनवर गोळ्या वर पाठवतो. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा आहे. घराची दुसरी किल्ली शेजारी आहे, आणि सकाळी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तर त्या शेजारीणबाई बेल वाजवतात. वसाहतवाले जे महिन्याचे पैसे घेऊन पुरवतात, त्यातलं बरंचसं इथे चाळीस वर्षांत आपोआप जमून आलंय. आड येते ती इमारत.

तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असतं. वॉचमन, इस्त्रीवाला आणि दोन पोरं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवतात. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते, काका घाबरून कठडा पकडतात आणि खालून आवाज येतो, “काका, हात आत घ्या!” परत आल्यावर हेच वरच्या दिशेने. अशा इमारती आपल्या उपनगरांत गल्लोगल्ली आहेत.

आता त्या एकेक करून रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. घर म्हाताऱ्या माणसाच्या सोयीचं करून घ्यायची संधी पन्नास वर्षांतून एकदा येते, ती हीच. पण सोसायटीच्या सभेत भांडण कशावरून होतं? कार्पेट एरिया किती टक्के वाढवून देणार, कॉर्पस किती, पार्किंग एक की दोन. बाथरूमचं दार किती रुंद, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जुन्या घरात ते जेमतेम दोन-सव्वादोन फुटी असतं. व्हीलचेअर अडते ती नेमकी तिथे. नव्या घरात मार्बल चकाचक आणि बाथरूमचं दार पुन्हा तेवढंच, असं झालं तर काय मिळवलं?

यासाठी डोकं खाजवायचीही गरज नाही. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली. दार 900 मिलिमीटरपेक्षा रुंद, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, पायऱ्यांऐवजी उतार, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या लाद्या आणि धरायला दांड्या. सगळं लिहून ठेवलंय. अडचण इतकीच की ती लागू होते ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना. घाटकोपरच्या पंतनगरात किंवा अंधेरीच्या डी. एन. नगरात पन्नास वर्षं काढलेला सभासद ज्येष्ठ नाही का? सरकारने हे नियम प्रत्येक पुनर्विकासाला सक्तीचे करावेत. बांधतानाच केलं तर खर्च किरकोळ असतो, नंतर भिंत फोडावी लागते.

सिंगापूरने 2001 पासून जुन्या सरकारी इमारतींत प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबेल अशी सोय करायला घेतली. 2012 पासून तिथे ज्येष्ठांच्या घरात दांड्या, उतार आणि न घसरणारी फरशी बसवायला घसघशीत अनुदान मिळतं. म्हाडाच्या वसाहतींत हे का होऊ नये?

आणखी एक गोष्ट सभेत घाईघाईने उरकली जाते. इमारत पाडल्यावर तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची. चाळिशीतल्या माणसाला ती गैरसोय असते, ऐंशीच्या माणसाला ते उरलेलं आयुष्य असू शकतं. भाडं महाग म्हणून मुलुंडची आजी डोंबिवलीच्या पलीकडे गेली की तिचा डॉक्टर, कट्टा, किल्लीवाली शेजारीण, सगळं एका टेम्पोत सुटतं. किती जण नव्या घराची चावी घ्यायला परतलेच नाहीत, हे आपापल्या सोसायटीत आठवून पाहा. सत्तरीपुढच्या सभासदांना त्याच भागात, लिफ्टच्या इमारतीत घर घेता येईल इतकं भाडं बिल्डरने द्यायलाच हवं, आणि तशी अट घालायला बाकीच्यांनी कचरू नये.

2019 च्या नियमाप्रमाणे पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांचा होकार पुरतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली सभेला येऊच न शकणाऱ्यांशिवायही ठराव होतो. तेव्हा पुढची सभा लावण्याआधी कमिटीने त्यांच्या घरी जाऊन त्यांना काय हवंय ते विचारावं, आणि ते टेंडरमध्येच घालावं. डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर सह्या झाल्यावर दार अर्ध्या फुटानेही रुंद होत नाही.