समस्त शुभेच्छुक आणि ५५०

मोहोपाड्यात स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारा मी एकटाच आहे, अशी माझी समजूत आहे आणि ती तपासून बघायचा उद्योग मी मुद्दामच केलेला नाही. सर्व्हर खरं तर नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने राहतो. मी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. तरी चारचौघांत मी 'आमचा सर्व्हर' म्हणतो आणि 'म्हणजे काय हो?' असं कुणी विचारावं म्हणून जरा थांबतो. कुणी विचारत नाही.

फुकटातलं जीमेल सोडून हा खटाटोप का, तर ईमेलच्या पत्त्यात 'अ‍ॅट'नंतर आपलं आडनाव झळकतं म्हणून. शिवाय मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता असलाच पाहिजे, असा इंटरनेटचा नियम आहे. म्हणजे ज्याला सोसायटीने साधं खजिनदारही केलं नाही, त्याला बसल्या जागी पोस्टमास्तरकी मिळाली!

रात्री जेवण झालं की मी लॉग वाचतो. कुठकुठल्या देशांतून बॉट येतात आणि 'सेल्स' आहेत का, 'अकाउंट्स' आहेत का, म्हणून चौकशी करतात. आमच्या घरात अकाउंट्स बायकोकडे आहेत आणि ती ईमेल वापरत नाही. जगाला मोहोपाड्याची एवढी ओढ आहे हे मी तिला कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, "अहो, ते चोर आहेत ना?"

आहेत. पण चोरांना बाहेर ठेवणं तितकंसं कठीण नाही. बाहेर ठेवलंय हे कुणाला कळवायचं, इथे खरी मेख आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम लिहिले, तेव्हा नेटवर्कवर सगळी ओळखीची मंडळी होती. पाठवणाऱ्याने पाकिटावर स्वतःचं म्हणून जे नाव लिहिलं, ते खरं मानायचं. आता स्पॅमवाला तिथे कुणाचंही नाव टाकतो. माझ्या सर्व्हरने आधी '२५०', म्हणजे 'घेतलं', असं सांगून टाकलं आणि मग घरात त्या नावाचं कुणी नाही असं लक्षात आलं, तर नियमाप्रमाणे त्याला 'पोचलं नाही' असं कळवावं लागतं. कळवतो कुणाला? पाकिटावरच्या नावाला. ज्या बिचाऱ्याने काहीच पाठवलेलं नाही, त्याला! यालाच बॅकस्कॅटर म्हणतात.

हे मला पुस्तकातून नीट समजलं नव्हतं. समजलं ते फ्लेक्समुळे. आमच्याकडे कुणाचाही वाढदिवस असला की बाजारपेठेत फ्लेक्स लागतो. वर उत्सवमूर्ती गॉगल लावून, त्याच्या डोक्यावर नेतेमंडळी, आणि खाली तिकिटाएवढ्या फोटोंत समस्त शुभेच्छुक. एकदा त्या खालच्या रांगेत मी होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. उत्सवमूर्तीला मी ओळखतही नव्हतो. फोटो कुठल्याशा लग्नातला, कडेच्या बाईचा पदर माझ्या खांद्यावर तसाच राहिलेला. संतापून मी जवळ गेलो आणि आधी काय पाहिलं, तर माझा फोटो शेजारच्यापेक्षा मोठा आहे की लहान. किंचित मोठा होता. राग अर्धा तिथेच उतरला. भाजी घ्यायची नसतानाही मी त्या बाजूने एक फेरी जास्त मारली. उरलेला राग लोकांनी पेटवला. "काय हो, तुम्ही त्यांच्यात कधी गेलात?" वाण्याने टोमणा मारला. त्या फ्लेक्समुळे ज्याच्या दुकानाची पाटी झाकली गेली, तो तक्रार घेऊन माझ्याच घरी आला. फ्लेक्स लावणाऱ्याकडे कुणीच गेलं नाही, कारण त्याचं नाव फ्लेक्सवर नव्हतं.

ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ व्हायरसने जगभर हेच केलं. ज्या कॉम्प्युटरात शिरेल तिथले पत्ते उचलायचे आणि त्यांतलाच एखादा 'पाठवणारा' म्हणून लावायचा. मग कंपन्यांचे अँटिव्हायरस त्या निरपराध माणसांना 'तुम्ही आम्हाला व्हायरस पाठवलात' असं ठणकावत बसले. माझ्या नावावरही अधूनमधून अशी बोलणी येतात. मी आयुष्यात न विकलेल्या गोळ्या मला साभार परत येतात.

उपाय साधा आहे: नकार द्यायचा तर दारात, आणि जो समोर उभा आहे त्याला. पोस्टफिक्सला, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलच्या सॉफ्टवेअरला, आपल्या खऱ्या पत्त्यांची यादी आधीच द्यायची. यादीत नाही त्याला '२५०' न म्हणता तिथल्या तिथे '५५०', म्हणजे 'घेत नाही', म्हणायचं. स्पॅमची चाळणीही मेल ताब्यात घेण्याआधी लावायची, नंतर नाही. मदतीला दुय्यम सर्व्हर ठेवला असेल तर यादी त्यालाही द्यायची, नाहीतर तो मागच्या दाराने सगळ्यांना आत घेतो. समोर बॉट असेल तर तो '५५०' ऐकून पुढच्या घरी जातो. खरा माणूस असेल तर त्याचा स्वतःचाच सर्व्हर त्याला कळवतो. मधल्या मध्ये कुणाला शिव्या बसत नाहीत.

तिसरा मार्ग असतो: घ्यायचं आणि गुपचूप फेकून द्यायचं. तो मला सोसत नाही, कारण उत्तराची वाट बघणारी माणसं मी इथे पाहिली आहेत. आमच्या रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या जिवावर इथली एक पिढी उभी राहिली. २०१७ मध्ये केंद्राने तो कारखाना गुंडाळायचं ठरवलं. रॉकेटसाठी नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे सोपवायचं ठरलं. आता मुलं पाताळगंगा एमआयडीसीत अर्ज करत फिरतात. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या सर्व्हरवरून पाठवू? लवकर पोचेल का?" मी छाती फुगवून पाठवला. मग तो रोज विचारू लागला, "पोचला का हो?" लॉगमध्ये २५० होतं. "घेतलाय त्यांनी," मी सांगायचो. त्यापुढे सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. कुणीतरी '५५०' म्हटलं असतं, तर त्याने दुसरं दार तरी ठोठावलं असतं.

तेव्हापासून मी नकार देण्याचा सराव करतोय. फ्लेक्सवाले विचारायला आले की दारातच '५५०' म्हणायचं, हे पक्कं आहे. फक्त ते विचारायला येत नाहीत. आणि परवाच्या फ्लेक्सवर सगळा मोहोपाडा होता, मीच तेवढा नव्हतो. चौकशी केली पाहिजे.